प्रकरण चौदावे : जिवाणी

मीठ या वर्षी दिवाणखान्याच्या भिंतीवर कमरेच्या वर चढलं होतं.

कराडच्या माती-पाणी प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या, सकाळच्या एसटीनं घरी आलेल्या ब्राह्मीनं खांद्यावरची बॅग उतरवायच्या आधी भिंत पाहिली. दिवाळीत रंग दिला तेव्हा ओल गुडघ्याएवढी होती. आता सोफ्यामागून पांढरे डाग वर आले होते, आणि ते सरळ चढले नव्हते. खाली अरुंद, छातीपाशी रुंद, वर वाटोळे. दोन हात मोकळी जागा, मग पुन्हा तसाच. असे पाच. कारण तिला पाठ होतं. पायाखालचं पाणी विटेतून वर येतं, हवेवर सुकतं आणि क्षार मागे ठेवून जातं; जिथं गिलावा पोकळ तिथं जास्त. कारण पाठ असूनही ती वळली तेव्हा पाठीमागे कुणीतरी रांगेत उभं आहे असं तिला वाटलं.

"बघू नको तिकडं," त्रिशलावहिनी पाण्याचा पेला देत म्हणाली. "मी तर त्यांच्याकडं पाठ करून जेवतबी न्हाई."

"त्यांच्याकडं?"

"डागांकडं गं," वहिनी हसली. पण हसताना तिनं भिंतीकडं पाहिलं नाही.

घरात सगळे जमलेच होते. आण्णा, म्हणजे तिचे वडील बाळगोंडा पाटील, आपल्या खुर्चीत. धाकटे भाऊसोकाका दाराजवळ, कधीही उठून जाता येईल असे. भरतेशदादा मोबाइलवर निचऱ्याच्या कंत्राटदाराशी बोलत होता. आतल्या कोपऱ्यातल्या वेगळ्या स्वयंपाकघरात आक्काआत्या पाणी गाळत होती. आण्णांची ही थोरली बहीण एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, आणि तेव्हापासून पांढरं पातळ आणि व्रतं याखेरीज तिनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

"सोमवारी मशीन येतंय," भरतेशनं फोन ठेवला. "बारा एकरात सगळीकडं नळ्या पुरायच्या. मीठ धुऊन खाली जाईल, तीन वर्सांत ऊस उभा राहील. फक्त नळीचं तोंड कुठं काढायचं एवढंच राहिलंय."

"ओढ्याला," आण्णा म्हणाले.

"ओढ्याला म्हणजे होवाळांच्या विहिरीपाशी," ब्राह्मी म्हणाली.

"त्यांचं आठ गुंठं मुरूम. त्यात पिकतंय काय?"

"नदीपर्यंत नेता येईल की. भाऊसोकाकांच्या केळीतनं."

भाऊसोकाका उठलेच. "नाव काढू नका! बारा फुटी पट्टी जाती माझी. घड लागल्यात आत्ता."

"बस रं," आण्णा म्हणाले. "सख्ख्या भावाच्या रानात चर मारीन व्हय मी?"

काका बसले. गेले सात महिने बांधावरून दोघं बोलत नव्हते. आज मात्र एकमेकांकडं बघून त्यांनी मान हलवली.

भरतेशनं बहिणीसमोर कोरा कागद ठेवला. "सिद्धू होवाळ संमतीवर सही करतोय. पण म्हणतोय, ब्राह्मीनं पाणी तपासून लिहून द्यायचं. दुसऱ्या कुणाचा कागद चालायचा न्हाई. त्याच्या पोरीला बारावीची केमिस्ट्री फोनवर शिकवलीस न्हवं? लय मानतो तुला. चारला येतोय तो. दोनच ओळी लिही, निचऱ्याच्या पाण्यानं विहिरीला धोका न्हाई."

"तपासायच्या आधीच?"

"तपास की! न्हाई कोण म्हणालं? तपास आणि लिही."

सिद्धू होवाळ हा भरतेशचा शाळासोबती. वीस वर्षं फौजेत काढून नायब सुभेदार होऊन आला होता. सगळं रान पांढरं पडलं तरी त्याची विहीर गोड राहिली, याचं गावाला नवल होतं. ब्राह्मीला नव्हतं. जी जमीन कुणालाच नको होती तीच पूर्वी होवाळांच्या वाट्याला आली. माळाची सोंड, हातभर खाली मुरूम. काळ्या रानात पाणी साचलं, मीठ वर आलं. मुरमातून ते निथळून गेलं. पण तोच मुरूम चाळणीसारखा. ओढ्यात बारमाही खारं पाणी वाहू लागलं, तर ते विहिरीत झिरपायला एक उन्हाळा पुरे.

तिनं क्षार मोजायचा मीटर काढला; आकडा जितका मोठा, तितकं पाणी खारं. होवाळांच्या विहिरीची बाटली भरतेशनं सकाळी आणूनच ठेवली होती. घरच्या विहिरीचा नमुना म्हणून तिनं आण्णांच्या तांब्यातलं पाणी घेतलं. बाकीचं घर शुद्धीकरणाच्या मशीनचं पाणी प्यायचं. आण्णा मात्र विहिरीचंच, तेही आत्यानं गाळलेलं, आणि गाळल्यापासून अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आतलं. गावच्या जैन बस्तीत, म्हणजे देवळात, रोज अभिषेकाला घागर जायची तीही पाटलांच्याच विहिरीची. तो मान चार पिढ्यांचा.

"माझं काय तपासतीस? अमृत हाय ते," आण्णा म्हणाले.

तांब्यातलं पाणी : ०.६३. होवाळांची बाटली : ०.६२.

ब्राह्मीनं मीटर धुतला. प्रमाण द्रावणात बुडवला. त्यानं बरोबर १.४१ दाखवलं. पुन्हा दोन्ही नमुने मोजले. पुन्हा तेच आकडे.

"दादा, दोन्ही एकाच विहिरीचं भरलंस काय?"

"येडी हायस का? तांब्या आण्णांचा, बाटली सिद्धूची."

बारा एकर मिठाच्या मधोमध असलेल्या विहिरीचा आकडा एकच्या आत येणं शक्य नव्हतं. तीनच्या पुढचं पाणी तर तोंडात धरवत नाही. नमुना उगमावरच घ्यायचा, हा प्रयोगशाळेचा पहिला नियम. तिनं रिकामी बाटली आणि सुतळी घेतली आणि एकटीच रानात गेली.

बाराचं ऊन होतं. जमीन डोळ्यांत खुपावी इतकी पांढरी. पाऊल टाकलं की वरचा पापुद्रा मोडायचा आणि आवाज थोडा उशिरा, मागून आल्यासारखा वाटायचा. ती थांबली की तो थांबायचा. एकदा मात्र ती थांबल्यावरही आणखी एक पाऊल मोडल्याचं तिला ऐकू आलं. मागं कुणी नव्हतं. उन्हानं पापुद्रा आपोआप तडकतो, तिनं स्वतःला सांगितलं. पक्षी नव्हता, मुंगी नव्हती. उसाचे जुने बुडखे मिठात बुडून राहिले होते, दातांच्या मुळांसारखे.

विहिरीवर रहाट होता, पण त्याचं चाक आसाला गंजून चिकटलं होतं. दोर हिरवट, हात लावताच भुगा झाला. बादलीला बूड नव्हतं. कोळ्यानं काठापासून काठापर्यंत जाळं विणलं होतं. ते एका दिवसाचं नव्हतं, एका वर्षाचंही नव्हतं. ब्राह्मीनं जाळ्याच्या कडेनं बाटली सोडली. पाणी आरशासारखं स्थिर, कडेनं पांढरी झालर.

मीटरनं दाखवलं : ५.९.

या विहिरीतून कित्येक वर्षांत कुणी थेंब काढला नव्हता. मग आण्णा रोज काय पीत होते?

तिनं मान वर केली, आणि पांढऱ्या रानावरून पितळेचा एक लहान गडू चाललेला तिला दिसला. नुसता गडू. जमिनीपासून हातभर उंचीवर, हलकेच झुलत, ओढ्याच्या दिशेनं. धरलेला हात नव्हता, माणूस नव्हता. डोळ्यांवर हाताची सावली धरल्यावर गडूच्या वर थोडा काळा भाग दिसला. तो चेहरा होता. पांढरं पातळ पांढऱ्या मिठात विरून गेलं होतं, एवढंच.

"आत्या!" तिनं हाक मारली. चेहरा वळला नाही.

ती मागून गेली. आत्या होवाळांच्या विहिरीवर पोचली. तिथं पिंपरणीच्या सावलीत सुलाबाई, सिद्धूची आई, वाट बघत बसलेली. सुलाबाईनं दोर पुढं केला, आत्यानं गडू त्याच्या कडीत अडकवला आणि हळूहळू खाली सोडला. पाण्याला टेकेपर्यंत. मग दोराला एक झटका दिला. गडू पाण्यातच उपडा झाला.

ब्राह्मी लहानपणापासून हे ओळखत होती. पाणी जाड फडक्यातून गाळायचं. फडक्यात जे अडकतं, डोळ्यांना न दिसणारे जीव, ते गाळलेल्या पाण्यानं धुऊन घ्यायचे. ती जिवाणी. ती वरून फेकायची नाही, जीव मरतात. आणि ती सोडायची ज्या विहिरीतलं पाणी, त्याच विहिरीत.

त्याच विहिरीत.

"किती वर्षं, आत्या?"

आत्या दचकली नाही. दोर गुंडाळत म्हणाली, "बावीस. आपल्या विहिरीचं पाणी जिभंला लागाय लागलं, तवा मी बाळगोंडाला सांगितलं. तो म्हणाला, पाटलाची विहीर खारी होत न्हाई. दुसऱ्यांदा सांगितलं तर तांब्या फेकला. मग मी सांगायचं सोडलं."

"पयल्यांदा आक्का सोता शेंदायच्या," सुलाबाई म्हणाली. "गुडघं गेलं त्यांचं, तवापासनं मी आणून ठिवती परसदारी. उजाडायच्या आत. अभिषेकाचीबी."

"तुमच्या हातचं…" ब्राह्मी थांबली.

"व्हय, माझ्या हातचं," सुलाबाई हसली. तिला पुढचे दात नव्हते. "देवानं कवा तक्रार केली न्हाई."

"पण आत्या, जिवाणी आपल्या विहिरीत सोडायची होतीस. इतक्या उन्हाचं चालत यायचं कशाला? कुणाला कळलं नसतं."

आत्यानं तिच्याकडं पाहिलं, शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये याचं आश्चर्य वाटावं तसं.

"त्यांना कळलं असतं की. गोड्या पाण्यातलं जीव खाऱ्यात सोडून मारू व्हय गं?"

सुलाबाई उठली, गुडघ्यावर हात ठेवून. "बाई, आमच्या सिद्धूला ठावं न्हाई ह्यातलं. सांगू नका. त्यो लय तापट हाय."

ब्राह्मीनं न सांगण्याचा शब्द दिला. आकडे तर सांगावेच लागतील, पण तांब्याचा आकडा सांगायची गरज नाही, असं तिनं परतताना ठरवलं. घरी येऊन तिनं अहवाल लिहिला. चार ओळींचा. होवाळांच्या विहिरीचं पाणी गोड आहे. निचऱ्याचं तोंड तिथं काढल्यास ते राहणार नाही. खाली सही केली आणि कागद घडी घालून मुठीत धरला.

चारला सिद्धू आला. इस्त्रीचा शर्ट, ताठ पाठ. वहिनीनं सगळ्यांनाच कागदी कपांतून चहा दिला. आजच्या चहासाठी कप मुद्दाम आणले होते, म्हणजे कुणाला वेगळा कप दिला असं दिसायला नको.

"लष्करात सुद्धा हेच कप," सिद्धू कप फिरवत म्हणाला. "पण तिथं धुवायचा कंटाळा म्हणून. इथं कसं काय, वैनी?"

वहिनी आत गेली. भरतेश मोठ्यानं हसला, एकटाच.

"काय लिवलंय ब्राह्मीताईनं?"

"गड्या, तिचं चालूच हाय," भरतेश म्हणाला. "मी सांगतो ना. काय हुईत न्हाई विहिरीला."

"मला ताईकडनं ऐकायचंय."

ब्राह्मीनं तोंड उघडायच्या आत आण्णा बोलले. आवाज मऊ होता, थकल्या बापासारखा. "सिद्धू, तुझा बाप माझ्याबरोबर बैलं हाकत होता. मी खोटं बोलंन व्हय तुझ्याशी? माझी विहीर बघ. बारा एकर मिठात उभी हाय. चारी बाजूनं मीठ. आणि पाणी? अमृत. रोज पितोय मी. देवाला जातंय. मिठानं विहिरी खराब होत असत्या, तर पयली माझी झाली असती का न्हाई?"

भाऊसोकाकांनी लगेच दुजोरा दिला. "खरं हाय. दादाची विहीर गोडच हाय. मीबी देवळात पितो ते पाणी."

सिद्धू विचारात पडला. डोळ्यांसमोरचा पुरावा होता. त्यानं खिशातून पेन काढलं. "आता ही गोष्ट बरोबर हाय म्हणायची. तुमची टिकली, तर माझी का टिकू नये?"

संमतीचा कागद त्यानं पुढं ओढला. पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज ब्राह्मीला फार मोठा वाटला.

"तुमची विहीर टिकली नाही, आण्णा," ती म्हणाली. "पाच पूर्णांक नऊ. मी दुपारी स्वतः काढलं. बादलीला बूड नाही, दोराचा भुगा झालाय. आणि तुमच्या तांब्यातलं पाणी शून्य पूर्णांक त्रेसष्ट."

"मशीन बिघडलंय तुझं."

"प्रमाण द्रावणात तपासलंय."

"मग तांब्यातलं आलं कुठनं?" भरतेशनं विचारलं. ब्राह्मीनं मुठीतल्या कागदाची घडी पुन्हा दाबली. तिनं शब्द दिला होता.

आत्या आतल्या दारात येऊन उभी होती. तिच्यामागे भिंतीवर ते पाच. तिच्या पांढऱ्या पातळामुळं क्षणभर सहा वाटले.

"होवाळांचं हाय ते," ती म्हणाली. "बावीस वर्सं. तुझं, माझं, देवाचं. सगळं."

पंखा फिरत होता आणि कागदी कपातल्या चहावर साय धरत होती.

पहिल्यांदा सिद्धू बोलला, अगदी हळू. "कोण आणतंय?"

आत्यानं परसदाराकडं पाहिलं. तेवढं पुरे होतं. सिद्धूनं पेनाचं टोपण लावलं. ते एका झटक्यात बसलं नाही.

"माझी आई पहाटं उठून कुठं जाती म्हणून मी इचारायचो. शेळीला पाला आणाय, म्हणायची." त्यानं आण्णांकडं पाहिलं. "आवं आण्णा, माझ्या लग्नात तुमी मांडवात आला हुता. मानानं बसवलं मी. सरबत दिलं, घेतलं न्हाई. पाणी दिलं, घेतलं न्हाई. उपास हाय म्हणालासा. दुसऱ्या दिवशीबी उपास, तिसऱ्या दिवशीबी. मी म्हटलं, लय धार्मिक माणूस. आणि घरात तेच पाणी. तीच विहीर."

"मला म्हाईत न्हवतं," आण्णा म्हणाले.

"तेच तर. म्हाईत न्हवतं तवर गोड लागलं न्हवं?"

ब्राह्मीनं मुठीतला कागद त्याच्या हातात दिला. भरतेश मध्ये आला, पण उशीर झाला होता. सिद्धूनं तो उभ्यानं वाचला, पुन्हा घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवून वरून बटण लावलं.

"सही न्हाई," तो म्हणाला, आणि दारातून जाताना चहाचा भरलेला कप त्यानं पायरीवर ठेवला.

त्या दिवशी सूर्य बुडायच्या आधी आत्यानं आण्णांपुढं तांब्या ठेवला. सूर्यास्तानंतर आण्णा पाणीही घेत नसत. ते तांब्याकडं बघत राहिले. ऊन अंगणातून गेलं, गच्चीवरून गेलं. तांब्या भरलेलाच राहिला.

सकाळी ब्राह्मी उठून बाहेर आली तेव्हा सगळे आंघोळी करून दिवाणखान्यात बसले होते. भाऊसोकाकाही, इतक्या सकाळी, आणि दाराजवळ नव्हे, आण्णांच्या शेजारी. आत्याच्या स्वयंपाकघराला कडी होती. ती घागर घेऊन गावच्या रस्त्यानं, उजेडात, होवाळांकडं गेली असं वहिनीनं हळूच सांगितलं.

टेबलावर नवी बादली होती, नवा दोर, ओलं गाळायचं फडकं आणि पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला. बाजूला टाइप केलेला कागद. ब्राह्मीनं तो उभ्या उभ्या वाचला. काल वापरलेला मीटर नादुरुस्त होता, त्यामुळे कालचा अहवाल रद्द समजावा. पाटील यांच्या विहिरीचं पाणी गोड असल्याची घरातील सर्वांनी खात्री केली आहे. खाली पाच जागा सह्यांच्या. शेवटची तिची.

"ही आपल्या विहिरीची," भरतेश म्हणाला. "पहाटं मी आणि काका जाऊन शेंदली."

आण्णांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. त्यांनी पेला उचलला आणि न थांबता अर्धा प्याला. ब्राह्मी त्यांचा गळा बघत होती. तो एकदा आखडला, मग पुन्हा हलू लागला. पेला खाली ठेवून त्यांनी मिशी पुसली.

"गोड हाय," ते म्हणाले.

भरतेशनं पेला घेतला. "गोड."

काकांनी दोन घोट घेतले. केळीतल्या घडांसाठी ते समुद्रही प्याले असते. "दादा, अमृत हाय गड्या."

वहिनीनं पेला तोंडाला लावण्यापूर्वी एकदा भिंतीकडं पाहिलं. मग डोळे मिटून प्यायली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "गोड हाय," ती म्हणाली, आणि ते तिला खरंच पटलं असावं अशा आवाजात म्हणाली. ब्राह्मीला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

पेला पुन्हा भरून तिच्यासमोर आला. चौघं तिच्याकडं बघत होते. रागानं नाही, आजारी माणसानं औषध घ्यावं म्हणून बघतात तसं, मायेनं.

ती प्यायली. जिभेच्या दोन्ही कडांना चुरचुरलं, मग घशात कडू उतरलं. जिभेलाही तिनं दुसरी संधी दिली, कारण तिला शिकवलंच तसं होतं. दुसऱ्या घोटालाही तेच.

"खारट आहे, आण्णा."

कुणी ओरडलं नाही. आण्णा थोडे पुढं झुकले. "घाईत प्यालीस. आणि एकदा पी."

ती आणखी एकदा प्यायली. "खारट."

भरतेशनं बादलीत तांब्या बुडवला आणि पेला पुन्हा काठोकाठ भरला.